म्हाताऱ्या बंडूला सोबत आणायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात मानपाड्याजवळ टू-बीएचकेमध्ये राहणारं कुटुंब: नवरा-बायको, नववीतली मुलगी, ७४ वर्षांच्या आजी आणि बंडू नावाचा ११ वर्षांचा लॅब्राडॉर. मोठा मुलगा जूनमध्ये शिकायला पुण्याला गेला आणि तेव्हापासून बंडू गप्प झाला आहे. बेल वाजली तरी दारात येत नाही, चेंडू टाकला तर नुसता बघतो, दिवसभर आजींच्या पलंगाखाली पडून असतो. त्याला सोबत म्हणून दिवाळीत लॅबचं पिल्लू आणावं असं घरच्यांच्या मनात आहे. "बंडू गेल्यावर घर खायला उठेल, ही भीतीही आहे," असं पत्र लिहिणाऱ्या ताईंनी मोकळेपणाने लिहिलं आहे.

ताई, आधी मत सांगते, मग कारणं. पिल्लू आणू नका. सोबत आणायचीच असेल तर चार ते सहा वर्षांची, शांत स्वभावाची, नसबंदी झालेली मादी आणा. तीही आधी काही आठवडे फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती सांभाळायला. आणि हे सगळं बंडूची नीट तपासणी झाल्यावर. ठाण्यातल्या माझ्या दवाखान्यात "आमचा कुत्रा एकटा पडलाय" म्हणून जे म्हातारे कुत्रे येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आधी कुठेतरी दुखत असतं.

जूनमध्ये तुमच्या घरात दोन गोष्टी एकदम घडल्या. मुलगा गेला आणि पाऊस सुरू झाला. बंडूला लांब फिरायला बहुधा तोच नेत असेल. तो गेल्यावर फेरी सोसायटीच्या गेटपर्यंत आली, पावसामुळे तीही कधी कधी बुडाली. अकरा वर्षांच्या लॅबचे मागचे सांधे आठवडाभर हलले नाहीत की आखडतात, आखडले की उठताना दुखतं, दुखतं म्हणून तो उठत नाही. वजन वाढतं आणि दुखणं आणखी वाढतं. बाहेरून बघणाऱ्याला हे उदास होणंच वाटतं. पलंगाखाली जाणं मला विशेष खटकलं. ज्याला दुखतं तो कुत्रा अशी जागा शोधतो जिथे कोणी अंगावरून जाणार नाही, कोणाचा पाय लागणार नाही.

पुढचे आठ दिवस त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघा. बसताना तो मागचा एक पाय बाजूला टाकतो का? उठताना पुढच्या पायांवर जोर देऊन मागचं धड ओढतो का? रात्री गारवा असतानाही धापा टाकतो का? पायाचा एकच सांधा सारखा चाटत बसतो का? मागच्या पायांची नखं पुढून घासलेली दिसतात का? नखं तशी घासली असतील तर तो पाय पूर्ण उचलत नाही. मोबाइलवर तीन छोटे व्हिडिओ घ्या: झोपेतून उठतानाचा, समोरून चालत येतानाचा आणि पाठमोरा चालतानाचा. दवाखान्यात आल्यावर भीतीने कुत्रे लंगडायचं विसरतात, त्यामुळे घरातला व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो.

तपासणीत रक्ताची पूर्ण चाचणी, मूत्रपिंड आणि यकृत, थायरॉइड, लघवी, कंबर-खुब्याचे एक्स-रे, डोळे आणि दात एवढं करून घ्या. दात मुद्दाम सांगते, कारण सडलेली दाढ असलेला कुत्रा जेवतो, फक्त चेंडू तोंडात धरायचा सोडतो. थायरॉइड कमी पडलं तरी कुत्रा जाडा, सुस्त आणि उदास दिसतो आणि गोळीने महिन्या-दोन महिन्यांत फरक पडतो. आपल्या भागात गोचिडांचा ताप, म्हणजे एर्लिकिया आणि बबेसिया, पावसाळ्यात आणि नंतरही सर्रास दिसतो. तो कधी कधी जोराचा ताप न येता नुसत्या मरगळीने राहतो. त्याचीही चाचणी करा.

सांधेदुखी निघाली तर कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक डॉक्टर देतील आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट बघूनच देतील. घरातली माणसांची गोळी कधीही देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलही घरच्या अंदाजाने द्यायची गोष्ट नाही. बरोबरीने वजन उतरवा. लॅब्राडॉर सदा भुकेला असतो यामागे खरंच एक शारीरिक कारण आहे: साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा नसतो, त्यामुळे पोट भरल्याचा संदेश मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. ही गोष्ट २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवली. म्हणून तो मागतो तेव्हा त्याला लबाड समजू नका, पण आजींना हात जोडून सांगा की चहाबरोबरचं बिस्कीट आणि तूप लावलेली पोळी बंद. त्याऐवजी गाजराचा किंवा काकडीचा तुकडा चालेल. पाच-सात टक्के वजन उतरलं तरी लंगडणं कमी झालेलं डोळ्यांना दिसतं.

आणि फरशी! आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स म्हाताऱ्या कुत्र्याचा रोजचा छळ असतात. मागचे पाय फाकतात, दोनदा घसरला की तो चालायलाच घाबरतो. बेल वाजल्यावर तो दारात येत नाही याचं कारण कदाचित एवढंच असेल. त्याच्या झोपायच्या जागेपासून दारापर्यंत आणि पाण्याच्या भांड्यापर्यंत न सरकणाऱ्या चटया किंवा जुन्या योगा मॅट अंथरा, तळव्यातले केस कापा, नखं लहान ठेवा. एवढ्याने दोन-तीन आठवड्यांत कुत्रा पुन्हा दारात यायला लागलेला मी अनेक घरांत पाहिला आहे. तुमच्याकडे तसं झालं तर दुसऱ्या कुत्र्याचा विचार तुम्ही निवांतपणे करू शकाल.

एक वेगळी शक्यताही तपासायला हवी. म्हातारपणात काही कुत्र्यांचा मेंदू थकतो, माणसांना स्मृतिभ्रंश होतो तसा. दार उघडताना तो बिजागरीच्या बाजूला जाऊन उभा राहतो, कोपऱ्यात अडकून पडतो, रात्री घरभर फिरतो आणि दिवसा झोपतो, वर्षानुवर्षं घरात कधी घाण न केलेला कुत्रा हॉलमध्ये लघवी करतो, ओळखीच्या माणसाकडे अनोळखी नजरेने बघतो. अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांवरच्या एका अभ्यासात अशांपैकी निदान एक लक्षण २८ टक्के कुत्र्यांत आढळलं होतं, म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट नाही. बंडूमध्ये हे स्पष्ट दिसत असेल तर नवीन प्राणी आणूच नका. अशा कुत्र्याला घरातली प्रत्येक वस्तू रोज त्याच जागी लागते, माणसं त्याच वेळी लागतात. नव्या कुत्र्याचा वास, आवाज, धावपळ यांनी तो आणखी गोंधळतो. त्याच्यासाठी आहारात आणि औषधांत करण्यासारखं बरंच आहे, त्यावर तुमच्या डॉक्टरांशी बोला.

समजा दुखणं आटोक्यात आलं, मेंदू शाबूत आहे, तरी तो थोडा हिरमुसलेला आहे. तेव्हा विचारायचं की त्याला कोणाची उणीव भासते आहे. अकरा वर्षं तो माणसांत वाढला. मुलाबरोबरची संध्याकाळची फेरी गेली, ती कोणी तरी परत सुरू करा. मुलीने करावी असं मला वाटतं. नववीचा अभ्यास कितीही असला तरी अर्धा तास तिलाही बरा. वेगाने चालायचं नाही. तो जिथे थांबेल तिथे थांबायचं आणि त्याला मनसोक्त हुंगू द्यायचं. म्हाताऱ्या कुत्र्याचे डोळे आणि कान कमी होतात, नाक शेवटपर्यंत बऱ्यापैकी चालतं, आणि वीस मिनिटं हुंगून आलेला कुत्रा समाधानाने झोपतो. घरात जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये त्याच्याच जेवणातले दाणे लपवून द्या.

त्याला कुत्र्यांची सोबत आवडते का, हेही यातच कळेल. खाली कोणी ओळखीचं कुत्रं भेटलं की तो शेपटी सैल हलवत बाजूने जवळ जातो, की तोंड फिरवून तुमच्या पायांमागे येतो? आयुष्यभर इतर कुत्र्यांपासून लांब राहिलेला कुत्रा अकराव्या वर्षी मैत्रीला उत्सुक होत नाही. अशा कुत्र्याला घरात जोडीदार देणं म्हणजे सोबत लादणं झालं. तो खरंच खुलत असेल तर पुढे वाचा.

पिल्लू का नको, ते स्पष्ट सांगते. दोन महिन्यांचं लॅबचं पिल्लू दिवसातून कितीतरी वेळा म्हाताऱ्याच्या कानाला, शेपटीला, मानेला लोंबकळतं. त्याचे दात सुईसारखे असतात आणि गुरगुरण्याचा अर्थ त्याला अजून कळत नसतो. सहा महिन्यांत ते वीस किलोच्या आसपास जातं आणि अंगावर उडी मारतं. दुखऱ्या खुब्यावर ती उडी काय करते याची कल्पना करा. म्हाताऱ्यांना ऐकू कमी येतं, झोपेत कोणी अंगावर पडलं की ते दचकून चावतात. पिल्लाच्या डोळ्याला झालेल्या अशा जखमा मी शिवल्या आहेत आणि त्यात दोष कोणाचाच नसतो. शिवाय ७४ वर्षांच्या आजी, गुळगुळीत फरशी आणि पायात घुटमळणारं पिल्लू हे एकत्र नको. आजींचा खुबा मोडला तर सगळ्या घराचंच वर्ष जाईल.

बंडू गेल्यावरच्या रिकामेपणाबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. तुम्ही माणसं आहात, तुम्हाला आधार लागेल. पण तुमचा आधार ही तुमची गरज आहे. ती बंडूच्या नावावर टाकू नका, म्हणजे निर्णय सोपा होतो. त्याचं उरलेलं आयुष्य निवांत जावं आणि तुम्हालाही घरात कोणीतरी हवं, या दोन्ही गोष्टी साधणारा प्राणी शोधायचा आहे. असा प्राणी बहुतेक वेळा मोठ्या वयाचाच सापडतो.

मादी म्हणते याचं कारण बंडू नर आहे. एका घरातल्या गंभीर मारामाऱ्या एकाच लिंगाच्या जोड्यांमध्ये जास्त होतात, त्यातही दोन माद्यांमध्ये. नर-मादी जोडी सर्वांत सोपी. तिची नसबंदी झालेली असावी आणि टाके पूर्ण भरलेले असावेत. आकाराने ती बंडूपेक्षा लहान किंवा फार तर बरोबरीची असावी. हस्की, बेल्जियन शेफर्ड असल्या सतत धावणाऱ्या जाती टाळा. घोडबंदरच्या उंच इमारतींमध्ये हौसेने आणलेले हस्की वर्ष-दोन वर्षांत सोडून दिले जातात आणि शेल्टरमध्ये ते भरपूर दिसतात, देखणेही असतात, पण बंडूला ते झेपणार नाहीत.

शोध कुठे घ्यायचा? ठाणे एसपीसीएसारखी प्राण्यांसाठी काम करणारी संस्था आहे, शहरात कुत्रे वाचवून फॉस्टर घरांत ठेवणारे स्वयंसेवक आहेत. त्यांना "गोड कुत्रं हवं" असं सांगू नका. "ही म्हाताऱ्या कुत्र्यांबरोबर राहिली आहे का? जेवणाच्या भांड्याजवळ दुसरं कुत्रं आलं तर काय करते? तिला एकटं सोडलं तर भुंकते का?" असे प्रश्न विचारा. चांगला स्वयंसेवक तिचे दोषही सांगतो. दोष न सांगणाऱ्याकडून घेऊ नका. आणि एक जागा लोकांना सुचतच नाही: तुमचं स्वतःचं गेट. बंडू रोज खाली जातो तेव्हा ज्या नसबंदीची खूण म्हणून कान कापलेल्या, वॉचमनच्या खुर्चीपाशी बसणाऱ्या देशी कुत्रीला तो नाक लावून येतो, ती त्याची वर्षांनुवर्षांची ओळखीची असते. तिचं वय झालं असेल, रस्त्यावरचं आयुष्य तिला जड जात असेल, तर तिच्यासारखी सोबत नाही. मात्र उघड्यावर वाढलेली तरणीताठी कुत्री टू-बीएचकेमध्ये कोंडली तर सुखी होईलच असं नाही, म्हणून आधी काही दुपारी तिला वर आणून बघा. तिला रोज खायला घालणाऱ्या फीडरशीही आधी बोला.

ती कुठूनही येवो, बंडूला भेटण्याआधी तिची तपासणी हवी. शेल्टरमधून येणार असेल तर निदान दोन आठवडे स्वयंसेवकाच्याच घरी वेगळी राहू दे, कारण पार्वो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार अंगात असूनही सुरुवातीला काही दिसत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. रक्ततपासणी, गोचिडांच्या तापाची चाचणी, जंतांचं औषध, खरजेसाठी त्वचा, रेबीजचं आणि नाइन-इन-वनचं (अनेक आजारांवरच्या एकत्र लसीचं) इंजेक्शन एवढं त्या काळात होतं. एक गोष्ट डॉक्टरांना आठवणीने बघायला सांगा: योनिमार्गात गाठ आहे का. रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये टीव्हीटी नावाचा, संबंधातून आणि चाटण्या-हुंगण्यातूनही पसरणारा ट्यूमर आपल्याकडे बराच आढळतो. विन्क्रिस्टिनच्या इंजेक्शनांनी तो सहसा पूर्ण बरा होतो, पण ते उपचार घरात येण्याआधी संपलेले बरे. बंडूची लसही अद्ययावत आहे ना ते फाइलमध्ये बघा. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात पसरणाऱ्या आजाराची, लस तर आपल्या पावसात हवीच.

पहिली भेट घरात नको. दोघांसाठी परकी असलेली जागा हवी. ठाण्यात हेच अवघड जातं, कारण प्रत्येक गल्लीला आपले कुत्रे आहेत आणि ते मध्ये पडले की सगळं बिघडतं. उपवन तलावाच्या काठी जावंसं वाटेल, पण तिथे सकाळी माणसं आणि कुत्रे दोन्हींची गर्दी असते. एखाद्या मित्राच्या सोसायटीचं पोडियम दुपारी मागून घ्या. दोन माणसं, दोन पट्टे, दहा-पंधरा मीटरचं अंतर, आणि एकाच दिशेने समांतर चालणं. समोरासमोर आणून "मैत्री करा" म्हणायचं नाही. दोघं जमीन हुंगायला लागले, शरीर सैल झालं की अंतर थोडं कमी करायचं. दुसऱ्याकडे टक लावून बघणं, तोंड घट्ट मिटणं, शेपटी ताठ वर होणं दिसलं की पुन्हा लांब. शेवटी बाजूने, क्षणभर हुंगू द्या आणि हाक मारून पुढे न्या. असं दोन-चार वेगवेगळ्या दिवशी करा. घाई करू नका, बंडूच्या पायांना जमेल तेवढंच.

घरी आणायच्या दिवशी बंडूला कोणाबरोबर तरी खाली पाठवा, ती आधी आत जाऊन घर हुंगून घेऊ दे, मग सगळे एकत्र फिरून वर या. चेंडू, हाडं, भांडी आधीच उचललेली असावीत. पहिले दोन-तीन आठवडे दोघांना घरात एकटं सोडायचं नाही आणि रात्री दोघं वेगवेगळ्या खोलीत. जेवण कायम वेगळ्या खोलीत, दार लावून. हे मी कायमसाठी सांगते आहे. बेडरूमच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक लावा म्हणजे बंडूला एक खोली पूर्ण स्वतःची राहील. आजींच्या पलंगाखालची जागा त्याचीच. तिथे ती गेली तर तिला हलकेच बाहेर बोलवा.

तो गुरगुरला तर रागावू नका, हे घरातल्या प्रत्येकाला, मुलीला आणि आजींनासुद्धा, आधी सांगून ठेवा. गुरगुरणं म्हणजे "मला नको आहे" असं सभ्यपणे सांगणं. त्याबद्दल ओरडा बसला की कुत्रा सांगायचं थांबवतो आणि पुढच्या वेळी सरळ चावतो. गुरगुरला की तुम्ही उठा आणि तिला बाजूला न्या. त्याला कळू दे की त्याच्या वतीने तुम्ही बोलता. "आपापसात ठरवू दे, कोण मोठं ते कळेल" असा सल्ला कोणी दिला तर दुर्लक्ष करा. दुखऱ्या कुत्र्याला घरात अशी परीक्षा द्यायला लावणं क्रूरपणा आहे. आणि कधी भांडण झालं तर मध्ये हात घालू नका. जाड चादर टाका, उशी किंवा खुर्ची मध्ये सरकवा. कोणाला दात लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, कुत्र्याची लस झालेली असली तरी.

दिवाळीचा मुहूर्त सोडा. फटाक्यांच्या आठवड्यात कुठलाही कुत्रा खरा कसा आहे ते दिसत नाही, आणि नवी कुत्री दार उघडं मिळताच पळून जाण्याचा धोका तेव्हाच सर्वांत जास्त. डिसेंबर उत्तम. हवा गार, रस्ते कोरडे, गोचिडांचा जोर ओसरलेला, मुलीच्या नाताळच्या सुट्ट्या, आणि मुलगाही चार दिवस घरी येऊ शकेल.

सोसायटीची काळजी करू नका. पाळीव कुत्र्यांवर बंदी घालायचा, लिफ्ट नाकारायचा अधिकार सोसायटीला नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. महापालिकेचा परवाना मात्र दोघांचाही काढा आणि रेबीजचा दाखला जपून ठेवा. आणि हे सगळं वाचूनही पिल्लूच घ्यायचं ठरलं तर ते बंडूनंतर, आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकणाऱ्याकडून अजिबात नको. ते कायद्यानेच मना आहे.

फॉस्टरचा शब्द मी वर वापरला त्याचं कारण एवढंच की ती बसली नाही तर परत देता यावी. सहा आठवड्यांनंतरही बंडू तिला टाळून पलंगाखालीच राहत असेल, जेवण कमी करत असेल, पाणी प्यायला हॉलमध्ये यायला कचरत असेल, तर तिला दुसरं घर शोधायला मदत करा. मुलीला हे पहिल्या दिवशीच सांगा, "ही आपल्याकडे राहायला आलीय, राहील की नाही ते बंडू ठरवेल." आणि परत देताना एका कागदावर लिहून द्या: काय खाते, कशाला घाबरते, लिफ्टमध्ये कशी वागते, रात्री कुठे झोपते, म्हाताऱ्या कुत्र्याशी कुठे बिनसलं. शेल्टरमध्ये महिनोन्‌महिने राहून जे कळत नाही ते घरात सहा आठवड्यांत कळतं, आणि त्या कागदावर तिला पुढचं घर लवकर मिळतं.